रुइन, डिस्ट्रॉय, बँकरप्ट… नक्की कुठला शब्द कुठं टाकायचा?

खोडरबर:
मंडळी, एकाच आठवड्यात दोनदा तोंडावर पडलोय म्हणून विचारतोय. एका ग्राहक कंपनीचे दोन हप्ते थकलेत, मी साहेबांना मेलमध्ये सरळ लिहून मोकळा झालो की दे आर बँकरप्ट. साहेबांचा लगेच फोन, "कोर्टाची ऑर्डर आलीय का तुझ्याकडं? हा मेल त्यांच्या हाती लागला तर?" बरं झालं ते झालं, दोन दिवसांनी छत गळून चार फायली भिजल्या तर मी कळवलं की फाइल्स आर डिस्ट्रॉइड, तर रेकॉर्डवाल्यांनी उलट विचारलं की कुणाच्या परवानगीनं केल्या!! आता यात परवानगी कसली, पाऊस काय सही घेऊन येतो का.
आपल्याकडं कसं, वाट लागली म्हटलं की परीक्षेपासून धंद्यापर्यंत सगळं त्यात बसतं. इंग्रजीत डॅमेज, रुइन, रेक, डिस्ट्रॉय, डेव्हस्टेट आणि पैशाचं तर वेगळंच गाठोडं. डिक्शनरीत बघितलं तर प्रत्येकाचा अर्थ बाकीच्या चार शब्दांत दिलेला. कुणी जरा माणसासारखं समजावेल का?

जुनी_वही:
रेकॉर्डवाल्यांची चूक नाही हो. कागदपत्रांच्या बाबतीत डिस्ट्रॉय म्हणजे ठरवून, नियमानं नष्ट करणं, श्रेडरमध्ये घालणं. तुम्ही लिहिलेलं वाक्य त्यांना "फायलींची विल्हेवाट लावली" असं वाचू आलं. जनावराच्या बाबतीत तर अजून भलतंच, द हॉर्स हॅड टू बी डिस्ट्रॉइड म्हणजे जखमी घोड्याला मारावं लागलं.

मी स्वतः एकच कसोटी लावते, नंतर ती वस्तू समोर ठेवून दाखवता येते का? पुस्तक पाण्यात पडलं, पानं फुगली, चिकटली, हातात आहे पण उपयोगाचं नाही, तर रुइन्ड. जळून राख झाली तर डिस्ट्रॉइड. नुसता कोपरा भिजला, अजून वाचता येतंय, तर डॅमेज्ड. म्हणजे डॅमेजमध्ये दुरुस्तीची आशा आहे, रुइनमध्ये वस्तू उरते पण मोल जातं, डिस्ट्रॉयमध्ये वस्तूच जाते. अगदी काटेकोर नाही हं, रेप्युटेशनला दोन्ही चालतात, पण सरप्राइज पार्टी कुणी आधीच फोडली तर ती रुइन होते, तिला डिस्ट्रॉय म्हटलं तर वाटेल मांडव पेटवला.

शब्दांचं मूळ बघितलं तर लक्षात राहतं. रुइन आला लॅटिनच्या कोसळणं, ढासळणं या अर्थाच्या क्रियापदावरून, म्हणून पडक्या किल्ल्याच्या भिंतींना रुइन्स म्हणतात, ढासळलंय पण आहे. आणि डिस्ट्रॉयमध्ये स्ट्रक्चर, कन्स्ट्रक्शन यातलाच रचण्याचा धातू आहे, म्हणजे रचलेलं उलटं करून टाकणं. ऑब्लिटरेटमध्ये लेटर म्हणजे अक्षर आहे, अक्षरं पुसून टाकणं, आणि अ‍ॅनिहिलेटमध्ये निहिल म्हणजे काहीच नाही, आपलं होत्याचं नव्हतं करणं आहे ना, जवळजवळ तेच.

आणि एक, डॅमेजला एस लावून डॅमेजेस केलंत की बहुतेक वेळा कोर्टातली नुकसानभरपाई होते. तुमच्या साहेबांना तो एस दाखवू नका.

ताळेबंद:
पैशाच्या बाजूचं मी सांगतो, रोजचं काम आहे. यात शब्द एकापुढं एक पायऱ्यांसारखे आहेत आणि लोक पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात.

ब्रोक म्हणजे खिसा रिकामा, बोलीतला शब्द, मेलमध्ये नको. डिफॉल्ट म्हणजे ठरल्या तारखेला पैसे दिले नाहीत (तेही करारातली मुदत वगैरे बघून म्हणायचं). इन्सॉल्व्हंट म्हणजे देणी भागवण्याची ताकदच नाही, आणि हे दोन प्रकारे मोजतात, एक, देणी येतायत आणि हातात रोकड नाही, दुसरं, सगळं विकलं तरी देणी जास्तच. एखाद्याची भरपूर मालमत्ता असूनही तो पहिल्या अर्थानं अडकू शकतो. यात सॉल्व्ह आहे बघा, लॅटिनमध्ये सोडवणं, मोकळं करणं. आपणही कर्जातून सुटलो म्हणतोच की.

बँकरप्ट मात्र कायद्यानं लागलेला शिक्का आहे. इन्सॉल्व्हंट ही अवस्था, बँकरप्ट हा दर्जा. इंग्लंडमध्ये तर कायद्याच्या भाषेत माणूस बँकरप्ट होतो, कंपनी नाही, कंपनी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन किंवा लिक्विडेशनमध्ये जाते (पहिल्यात कारभार नेमलेल्या प्रशासकाकडं जातो, दुसऱ्यात सगळं विकून कंपनी गुंडाळतात). अमेरिकेत कंपनीलाही हा शब्द लावतात, पण तिथल्या दिवाळखोरी कायद्यातला चॅप्टर ७ म्हणजे विकून वाटून संपवणं आणि चॅप्टर ११ म्हणजे धंदा चालू ठेवून देण्यांची फेररचना. लेहमन ब्रदर्स या अमेरिकी बँकेनं १५ सप्टेंबर २००८ ला चॅप्टर ११ घेतला आणि संपली, जनरल मोटर्सनं १ जून २००९ ला तोच घेतला आणि १० जुलैला नवी कंपनी बाहेर पडली, गाड्या आजही बनतायत. म्हणून बँकरप्ट म्हणजे कायमचं बुडालं असंही नाही. आणि देशाला असं कोर्टच नसतं, म्हणून २००१ मध्ये अर्जेंटिनानं डिफॉल्ट केलं असं म्हणतात.

फायनान्शियल रुइन हा कायद्याचा शब्दच नाही. तो धुळीला मिळण्याचा, देशोधडीला लागण्याचा शब्द आहे. बँकरप्ट झालेला माणूस रुइन झालेला असेलच असं नाही, आणि कागदोपत्री काहीही न होता माणूस रुइन होऊ शकतो. खोडरबर, तुमच्या ग्राहकानं दोन हप्ते चुकवलेत एवढंच तुम्हाला माहितीय, तर तेवढंच लिहायचं.

उगाच_एक:
माझी आवडती भांडणं: डेसिमेट. रोमन सैन्यात शिक्षा म्हणून दहातला एक चिठ्ठीनं निवडून मारायचे, क्रॅसस या सेनापतीनं इ.स.पू. ७१ मध्ये गुलामांच्या बंडाचा नेता स्पार्टाकस याच्याविरुद्धच्या लढाईतून पळालेल्या स्वतःच्याच सैनिकांना ही शिक्षा दिली होती. म्हणजे मुळात दहा टक्केच! आता मोठा भाग नष्ट होणं असा अर्थ रूढ झालाय, त्याला माझी हरकत नाही, पण कम्प्लीटली डेसिमेटेड वाचलं की दात शिवशिवतात.
आणि रेझ म्हणजे जमीनदोस्त करणं आणि रेज म्हणजे उभं करणं, उच्चार सेम टू सेम. फोनवर बिल्डिंगबद्दल बोलताना जपून 😄

पाटीपेन्सिल:
बँकरप्ट म्हणजे मोडका बाक ना? सावकाराचं दिवाळं निघालं की लोक त्याचा बाक मोडायचे, असं वाचलंय.

जुनी_वही:
शब्द खरा, मिरवणूक थोडी शंकास्पद. इटालियन बांका रोत्ता म्हणजे मोडलेला बाक हे नक्की, आणि बाक म्हणजे पैसे मोडून देणाऱ्याचं टेबल, बँक शब्दही तिथूनच. पण खरोखर जाऊन फोडायचे हे मागाहून रंगवलेलं वाटतं. मोडला म्हणजे धंदा मोडला, आपण संसार मोडला म्हणतो तेव्हा कुणी हातोडा आणत नाही.

खोडरबर:
ताळेबंदराव, डोळे उघडले. मग आय अ‍ॅम ब्रोक आणि आय अ‍ॅम ब्रोकन यातही फरक असेलच? आणि डेव्हस्टेटेड?

ताळेबंद:
ब्रोक म्हणजे पगार व्हायचाय, ब्रोकन म्हणजे मन मोडलंय. दुसऱ्यावर उसने पैसे मिळत नाहीत. गो फॉर ब्रोक मात्र वेगळंच, सगळं पणाला लावणं. डेव्हस्टेट प्रदेशाला लावा, पूर-वादळात उजाड झाला, आणि माणसाला लावलं तर तो दुःखानं कोलमडला, त्याचं घर शाबूत असतं.

खोडरबर:
दोन्ही मेल सुधारून पाठवले. ग्राहकाबद्दल, दे हॅव मिस्ड टू इन्स्टॉलमेंट्स. फायलींबद्दल, वॉटर डॅमेज्ड. साहेबांचं उत्तर आलं, "ओके", त्यांच्याकडून हे म्हणजे शाबासकीच.

उगाच_एक:
फायली सुकवायला घातल्या का पण?

खोडरबर:
तीन सुकल्या. चौथीत शाईच्या सह्या होत्या, सगळं निळं पाणी झालंय, पानं धड आहेत पण कुणाची सही कळत नाही. ती रुइन्ड ना?

जुनी_वही:
पैकीच्या पैकी 👏