मदत हवी आहे: दुधाने पोट फुगतं, ताक मात्र चालतं. गणपतीत काय करावं?

ओहोटी
नवऱ्यासाठी विचारतेय. वय ४२. दूध, खीर, बासुंदी, आइस्क्रीम पोटात गेलं की तासा-दीड तासात गुडगुड, पोट फुगणं, कधी पातळ शौचाला. चहा, ताक, तूप यांनी काही होत नाही. वजन उतरलेलं नाही, रक्त नाही, ताप नाही. डॉक्टर म्हणाले, दूध कमी करा. पण किती कमी? गणपतीत पेढे, श्रीखंड, खीर चुकत नाही. नारळाच्या रसाची खीर करते, ती फाटते. दूध बंद केलं तर कॅल्शियमचं काय, तेही सांगा.

रातांबा
लक्षणं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचण्याची वाटतात. लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर कमी पडलं की ही साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू धरतो, आतड्यात पाणी ओढलं जातं. हे मापावर अवलंबून असतं, म्हणून सगळं बंद करायची गरज सहसा नसते.

गाय असो वा म्हैस, १०० मिली दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज धरा. बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही, त्यातही जेवणाबरोबर घेतलं तर. चहात ४० मिली दूध म्हणजे २ ग्रॅम. आता बासुंदी बघा. दूध निम्मं आटवलं तर १५० मिलीच्या वाटीत ३०० मिली दुधाचं लॅक्टोज येतं, म्हणजे १५ ग्रॅम. आटवल्याने पाणी जातं, साखर तिथेच राहते. खव्याचंही तेच. एक पेढा चालून जाईल, पण वाडीतल्या पाच घरी आरतीला गेलं की पाच पेढे होतात, तेही रिकाम्या पोटी. प्रसाद खिशात ठेवायचा आणि जेवणानंतर एखादा खायचा. पळीभर पंचामृताची मात्र काळजी नको, तेवढं चालतं.

‘ए-२’ नावाने विकलं जाणारं दूध, गावठी गाईचं, शेळीचं, यांच्या मागे लागू नका. लॅक्टोज सगळ्यांत जवळपास तेवढंच असतं.

कुळीथपिठी
स्वयंपाकाचं मी सांगते.

दही अधमुरं काढू नका. विरजण लावून १०-१२ तास ठेवा, चांगलं आंबट होऊ दे. जितकं आंबेल तितकं लॅक्टोज कमी, आणि दह्यातले जिवंत जिवाणू पोटात गेल्यावरही ते पचवायला मदत करतात. कढी उकळली की ते मरतात. त्यामुळे ताक सोसतं आणि वाटीभर दाट कढी सोसत नाही, असं होऊ शकतं.

श्रीखंडाचा चक्का घरीच टांगा. लॅक्टोज पाण्यात विरघळलेलं असतं, ते निवळीबरोबर खाली जातं. आपल्या दमट हवेत रात्रभर खुंटीला टांगलेला चक्का फार आंबतो. दोन तास बाहेर टांगा, मग फडक्यासकट चाळणीत घालून, खाली पातेलं ठेवून सहा तास फ्रिजमध्ये. गळलेली निवळी कणकेत किंवा आमटीत घालायची सवय असेल तर त्यांच्या वाटणीचं सोडून घाला, नाहीतर जे काढलं तेच परत पोटात. विकतच्या श्रीखंडात, दह्यात दुधाची भुकटी असू शकते. पाकीट वाचा.

खीर फाटते कारण जाड रस उकळतो. रसातलं तेल प्रथिनं धरून ठेवतात, जास्त आच लागली की ती गोळा होतात आणि तेल वेगळं होतं. एक मोठा नारळ खवून वाटीभर कोमट पाण्यात वाटा आणि पिळा, हा जाड रस बाजूला. चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून पुन्हा वाटा, हा पातळ रस. पाव वाटी तांदळाच्या कण्या पातळ रसात शिजवा, त्यातच चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून घाला आणि तीन-चार मिनिटं ढवळा. पीठ खीर धरून ठेवतं. मग पाऊण वाटी गूळ, चिमूटभर मीठ. गूळ विरघळला की गॅस बंद. पाच मिनिटांनी जाड रस घालून अगदी मंद आचेवर फक्त वाफ येईपर्यंत ठेवा. कडेला बुडबुडे दिसायच्या आत उतरवा. पुन्हा गरम करायची झाली तर गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून. भाद्रपदात बाहेर ठेवलेला नारळाचा रस संध्याकाळपर्यंत आंबतो, तेव्हा उरली तर लगेच फ्रिजमध्ये.

उकडीच्या मोदकांत अडचण नाही. काही घरांत उकड पांढरी यावी म्हणून पाण्यात दूध घालतात, ते टाळलं की झालं. पातोळ्या, शिरवळे-रस यांत तर दुधाचा संबंधच नाही.

खाडीपलीकडे
खात्री करायला दोन आठवडे दूध आणि दुधाची मिठाई पूर्ण बंद ठेवा, मग एके सकाळी नुसतं २०० मिली दूध द्या आणि तीन-चार तास बघा. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी वालाची उसळ, फणस, कुळीथ नको. त्यांनीही पोट फुगतं आणि दोष दुधाच्या माथी जातो. मोठ्या शहरात श्वासातल्या हायड्रोजनची चाचणीही होते.

अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं यातलं काही असेल तर ती दुधाची अ‍ॅलर्जी. तिथे वरचं एकही माप लागू नाही, घरी दूध देऊन बघायचंही नाही, थेट डॉक्टर.

लॅक्टेजच्या गोळ्या औषधांच्या दुकानात मिळतात. पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, पोट फुगल्यावर घेऊन उपयोग नाही. तयार लॅक्टोजमुक्त दूधही मिळतं. त्यातली साखर आधीच फोडलेली असल्याने ते गोड लागतं, चहात साखर कमी घाला.

ओहोटी
खूप उपयोग झाला. खरवस चालेल का? आणि कॅल्शियम राहिलंच.

रातांबा
चिकात लॅक्टोज दुधापेक्षा कमी असतं, पण खरवसात दूध मिसळतात. पहिल्या दिवसाचा चीक, कमी दूध, दोन वड्या जेवणानंतर, एवढं करून बघा.

कॅल्शियम प्रौढांना दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५०, म्हणजे दोन भाकऱ्यांत साधारण तिसरा हिस्सा आला. काट्यासकट खाता येते ती तळलेली मांदेली, सुका जवळा, तीळ हे आलटून पालटून. श्रावणात आणि गणपतीत मासे बंद असतील तेव्हा नाचणीची आंबील ताक घालून. आंबील शिजवून कोमट झाली की मगच ताक घाला, ताक उकळू नका. चक्क्याला मात्र यात धरू नका, त्यातलं बरंच कॅल्शियम निवळीबरोबर जातं.