मोपा–मुंबई–लंडन: दीड वर्षाच्या बाळाचं दूध, पाणी आणि पेज सुरक्षा तपासणीतून कशी न्यायची?

सुरंगी
जुलैत कुडाळहून निघायचं आहे. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबई आणि तिथून त्याच तिकिटावर लंडन. बाळ एकोणीस महिन्यांचं आहे. अंगावरचं दूध सुटलंय. दिवसाला साधारण 450 मिली गाईचं दूध, सिपरने पाणी, आणि दुपारी नाचणीचं सत्त्व नाहीतर तांदळाची पेज. घरापासून लंडनच्या दारापर्यंत वीस तास धरले आहेत.

100 मिलीची अट बाळाच्या दुधाला लागते का? स्टीलच्या थर्मासातून पेज नेली तर चालेल का? शहाळ्याचं पाणी आणि कोकम सरबत हातातल्या बॅगेत जाईल का? आणि नक्की किती घ्यायचं?

तांबडी माती
आधी एक लक्षात घ्या, तुमची तपासणी दोनदा होणार. मोपाची रांग देशांतर्गत. तिथे पाण्याची बाटली, बाळाचं दूध सहसा जातं. फार तर झाकण उघडायला किंवा एक घोट प्यायला सांगतात. खरी कसोटी मुंबईला. तिकीट एकच असलं तरी आंतरराष्ट्रीय विमानासाठी इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी नव्याने होते. तिथे द्रवपदार्थांचा नियम लागतो: प्रत्येक बाटली जास्तीत जास्त 100 मिलीची, आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत. 200 मिलीच्या बाटलीत तळाशी 50 मिली उरलं असेल तरी ती बाटली 200 मिलीचीच धरतात. बरेच जण इथेच अडकतात.

बाळाचं दूध आणि बाळाचं खाणं या अटीतून वगळलेलं आहे, मात्र प्रवासात लागेल तेवढंच, आणि बाळ सोबत हवं. एकोणीस महिन्यांच्या बाळासाठी लिटरभर दूध कोणाला खटकणार नाही. चार लिटर असेल तर विचारतील.

रांगेत काय करायचं: बाळाचं सगळं पेय आणि पातळ खाणं एकाच वेगळ्या पिशवीत भरा. ट्रे घेतल्यावर ती पिशवी पहिल्यांदा बाहेर काढा आणि विचारायची वाट न बघता “यात बाळाचं दूध आहे” असं सांगा. बॅगेच्या तळाशी सापडलेली बाटली आणि आधीच दाखवलेली बाटली यांत अधिकाऱ्याच्या दृष्टीने फार फरक असतो. बाळाच्या वयाचा पुरावा, म्हणजे पासपोर्ट, हाताशी ठेवा. बाळाला घेऊन तपासणी होत असताना ट्रे कोण उचलणार हे आधीच ठरवा, नाहीतर पिशवी पट्ट्याच्या टोकाला पडून राहते.

स्टीलच्या थर्मासाबद्दल: एक्स-रेमध्ये स्टीलची दुहेरी भिंत गडद दिसते, आत काय आहे ते नीट कळत नाही. बाटलीतला द्रव तपासायचं यंत्र काच आणि प्लॅस्टिकमधून बघतं, धातूतून नाही. म्हणजे झाकण उघडावं लागणारच, आणि आत उकळतं पाणी असेल तर गर्दीत बाळाशेजारी ते उघडणं धोक्याचं. थर्मास रिकामा न्या. गरम पाणी आत गेल्यावर खाण्याच्या काउंटरवर किंवा विमानात मागा. दूध पारदर्शक बाटलीत किंवा कंपनीच्या बंद पॅकमध्ये असलं की काम लवकर होतं.

एक्स-रेमधून गेल्याने दूध बिघडत नाही. ही शंका दर वेळी निघते म्हणून लिहिलं.

खाडीकाठ
तपासणीचं वर नीट आलंय. मला जास्त काळजी पेजेची आणि दुधाची वाटते, कारण त्यांचं घड्याळ कुडाळच्या स्वयंपाकघरात सुरू होतं, विमानतळावर नाही.

पेज नका नेऊ. शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो. त्याचे बीजाणू उकळण्याने मरत नाहीत, आणि त्याने एकदा विष तयार केलं की पुन्हा गरम करूनही ते जात नाही. पेज 60 अंशांच्या वर राहिली तर सुरक्षित, पण थर्मास पाच-सहा वेळा उघडला आणि पेज अर्धीच उरली की ती भराभर कोमट होते. कोमट पेज दोन तासांच्या आत संपवा, उरलेली टाका. घरून निघण्याआधी पोटभर पेज द्या आणि तिथेच थांबा.

नाचणीच्या सत्त्वाची अडचण वेगळी. ते पाच-सात मिनिटं शिजवावं लागतं. विमानातलं गरम पाणी ओतून नुसतं ढवळलं तर कच्चं राहतं आणि बाळाचं पोट फुगतं. शिजवून नेलं तर थंड होताना खरवसासारखं घट्ट बसतं, सिपरच्या नळीतून येत नाही. त्याऐवजी पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजा, पूड करा, वस्त्रगाळ चाळा. दोन टेबलस्पून पुडीत साधारण 100 मिली गरम पाणी घालून झाकून पाच मिनिटं ठेवलं की मऊ लापशी होते. पूड कोरडी असल्यामुळे द्रवाच्या नियमात येतच नाही. एका वेळेची एक पुडी अशा चार पुड्या बांधा, वर काय आहे ते लिहा.

दूध: घरचं तापवलेलं दूध बाटलीत भरून वीस तासांचा प्रवास करू नका. जुलैतल्या दमट हवेत ते दोन तासांवर ठेवू नये. 200 मिलीचे टेट्रा पॅक घ्या, ते न उघडता बाहेरच्या तापमानात टिकतात. वीस तासांना दोन पॅक पुरतात, एक सांडण्यासाठी, एक उशिरासाठी; असे चार. पावसाळ्यात मोपाचं विमान उशिरा निघणं किंवा दुसरीकडे वळवलं जाणं नवं नाही, त्यामुळे चौथा पॅक कमी करू नका. उघडलेला पॅक तासा-दोन तासांत संपवायचा, तोंड लावलेलं दूध पुढच्या वेळेला ठेवायचं नाही.

गेल्या आठवड्यात पोट बिघडलं असेल तर ओआरएसच्या 200 मिलीच्या लहान पुड्या घ्या. एक लिटरची पुडी अंदाजाने विभागून पाण्यात मिसळू नका, क्षारांचं प्रमाण चुकतं.

कुपाची वाट
शहाळं आणि कोकमाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

शहाळ्याचं पाणी बाटलीत भरलं की ते आंबायला लागतं, वायू धरतं, झाकण उघडताना फसफसून बाहेर येतं. आणि ते बाळाचंच खाणं आहे हे पटवणं तुमच्यावर येतं. घरी काढून घरीच द्या. नारळ हातातल्या बॅगेत नेऊ नका, आणि सुकं खोबरं तर चेक-इन बॅगेतही नको. त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील मालात धरतात.

कोकम सरबताला बाळाच्या दुधासारखी मुभा गृहीत धरू नका. अमृत कोकम 100 मिलीच्या बाटलीत, त्या लिटरच्या पिशवीतून जाईल. आगळ नको, त्यात मीठ फार असतं. आमरस, दही, श्रीखंड हेसुद्धा तपासणीत द्रवच. दीड वर्षाच्या बाळासाठी वाटीभर आमरस चालूही शकेल, पण डबा आडवा झाला किंवा उघडून दाखवावा लागला की तो बॅगेत सांडतो.

सिपरचं मात्र नीट ऐका. विमान वर गेल्यावर केबिनमधला दाब साधारण दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा होतो. बाटलीतली हवा फुगते आणि नळीतून पाणी कारंज्यासारखं वर येतं. बाटली जितकी रिकामी तितकी आतली हवा जास्त, तितका जोर जास्त. उपाय: उड्डाणाआधी झाकण अर्धा आटा सैल करून बाटली उभी धरा. टेट्रा पॅकही वर गेल्यावर टोचताना उभा धरा, कडेने धरा, मध्यभागी दाबू नका.

उतरताना घोट लागतातच, कारण गिळण्याने कानातला दाब मोकळा होतो. विमान उतरायला साधारण अर्धा तास आधी सुरुवात करतं. त्या वेळेसाठी 80–100 मिली पाणी किंवा दूध राखून ठेवा. बाळ झोपलं असेल आणि शांत असेल तर उठवायची गरज नाही, चुळबुळ सुरू झाली की द्या.

तांबडी माती
लंडनला उतरताना आणखी एक, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. भारतातून ब्रिटनमध्ये दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. उरलेले टेट्रा पॅक विमानातच संपवा नाहीतर तिथेच सोडा. तूप आणि पेढेसुद्धा याच बंदीत येतात. बाळाच्या दूधपावडरीला आणि बाळाच्या तयार खाण्याला सूट आहे: माणशी 2 किलोपर्यंत, कंपनीचं सीलबंद पाकीट, उघडण्याआधी फ्रिजची गरज नसलेलं. सध्या वापरात असलेलं उघडं पाकीट चालतं. घरी दूधपावडर मिसळून केलेलं सत्त्व यात बसत नाही.

परतीच्या वेळी तिथल्या तपासणीत बाळाचं दूध, गाईचं असो वा सोयाचं, 2 लिटरपर्यंतच्या बाटलीतून नेता येतं. बाळ सोबत लागतंच.

सुरंगी
पोह्यांची पूड आणि चार पॅक ठरलं. एकच विचारायचं: थर्मास रिकामा न्यायचा तर विमानात गरम पाणी केव्हा मागावं?

खाडीकाठ
सीटबेल्टची खूण विझल्यावर, जेवणाच्या गाड्या सुटण्याआधी. थर्मास अर्धाच भरून घ्या, बाळ मांडीवर असताना तो हातात घेऊ नका, शेजारच्याकडे द्या. लापशीत घालण्याआधी पाणी दोन मिनिटं उघडं ठेवा, आणि भरवण्याआधी एक थेंब मनगटावर टाकून बघा.