सांबरा ते मुंबई: विमानाचे अंतर आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ

प्रश्न (खानापूर तालुका):
वडिलांना तपासणीसाठी मुंबईला परळ येथे न्यायचे आहे. रात्रभराचा बसप्रवास त्यांना आता सोसवत नाही, म्हणून बेळगावच्या सांबरा विमानतळावरून जाण्याचा विचार आहे. एका संकेतस्थळावर बेळगाव-मुंबई हवाई अंतर सुमारे ४०३ दाखवले आहे, तर दुसऱ्यावर २१८. ताशी ८०० किलोमीटर वेग धरला तर अर्धा तास पुरायला हवा, परंतु वेळापत्रकात तासाहून अधिक वेळ दिसतो. डॉक्टरांची वेळ किती वाजताची घ्यावी?

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव):
दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला किलोमीटरमध्ये आहे आणि दुसरा सागरी मैलांमध्ये. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हे दोन विमानतळांमधले सर्वांत कमी अंतर असते. महामार्ग कोल्हापूर, सातारा, पुणे असा वळसा घेत जातो, त्यामुळे रस्त्याने ते पाचशेच्या घरात जाते.

वेळापत्रकातला वेळ मात्र केवळ उड्डाणाचा नसतो. विमान सांबऱ्यात जागेवरून हलल्यापासून मुंबईत ठरलेल्या जागी थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. एवढ्या कमी पल्ल्यात बराचसा भाग उंची गाठण्यात आणि खाली येण्यात जातो, त्यामुळे पूर्ण वेगाने उडायला थोडाच अवधी मिळतो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकीवरच वाहतूक चालते आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. पावसाळ्यात हा विलंब आणखी वाढतो.

उत्तर (निपाणी):
आम्हा निपाणीकरांना कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ सांबऱ्यापेक्षा निम्म्याहून कमी अंतरावर आहे. तेथून मुंबई हवाई मार्गाने सुमारे ३०८ किलोमीटर, म्हणजे बेळगावपेक्षा ९५ किलोमीटर जवळ असली, तरी त्याच जातीच्या विमानाने उड्डाणात जेमतेम सात-आठ मिनिटेच वाचतात. तेव्हा खानापूरहून बेळगाव ओलांडून पुढे कोल्हापूर गाठण्यात काहीच अर्थ नाही. तिकीट काढण्यापूर्वी विमान आठवड्यातल्या कोणत्या दिवशी आहे, ते अवश्य पाहावे.

उत्तर (बेळगाव):
आपण घरापासून हिशेब करावा. खानापूरहून बेळगाव शहर ओलांडून सांबऱ्याला पोहोचायला तास-सव्वा तास, सामान देणे आणि सुरक्षा तपासणी यांसाठी दीड तास, प्रवासाचा सव्वा तास, मुंबईत बाहेर पडायला अर्धा तास आणि तेथून परळपर्यंत गर्दीनुसार आणखी तासभर, असे पाच-साडेपाच तास होतात. विमान उतरण्याच्या छापील वेळेनंतर किमान तीन तासांनीच डॉक्टरांची वेळ घ्यावी. जमल्यास दुसऱ्या दिवशी सकाळचीच घ्यावी, म्हणजे वडिलांना रात्रभर विश्रांती मिळेल. चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी.