‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ : गेडला स्वतःचा शोध लागतो, की लावून दिला जातो?

गलबत
कुमारवयीन वाचकांसाठीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांबद्दल ‘नायकाला स्वतःचा शोध लागतो’ हे वाक्य फार सहज लिहिलं जातं. तो शोध कुठल्या प्रकरणात, कुठल्या कृतीतून लागला, हे क्वचितच कुणी दाखवतं. म्हणून एकच पुस्तक घेऊन बोलू या: अर्सुला ले ग्विन यांची १९६८ सालची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. शेवटासकट बोलणार आहे, तेव्हा रसभंग नको असेल त्यांनी आधी पुस्तक वाचावं.

कथा थोडक्यात. गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा एक पोरगा, अंगात उपजत जादू. तेराव्या वर्षी ओगियन हा जादूगार त्याला ‘गेड’ हे खरं नाव देतो आणि शिष्य करून घेतो. ओगियनचं मौन गेडला सोसवत नाही, तो रोक बेटावरच्या विद्यालयात जातो. तिथे जॅस्पर या सहाध्यायीने डिवचल्यावर तो फार पूर्वी मेलेल्या एल्फारानचा आत्मा बोलावतो. त्या फटीतून एक सावली जगात शिरते. अर्ध्या पुस्तकात ती गेडच्या मागे, उरलेल्यात गेड तिच्या मागे.

माझ्या मते हा शोध अस्सल आहे, आणि ते तपासताही येतं. पुस्तकाची प्रकरणं दहा. एका कागदावर प्रत्येकासाठी चार रकाने आखा: गेडने काय ठरवलं, कुणाच्या सांगण्या-डिवचण्यावरून, किंमत कुणी मोजली, आणि त्यानंतर त्याला स्वतःबद्दल काय नवं कळलं. पहिल्या चार प्रकरणांत दुसरा रकाना सतत भरलेला दिसतो. ओगियनच्या ग्रंथातला मंत्र तो वाचतो ते एका मुलीने हिणवलं म्हणून, एल्फारानला बोलावतो ते जॅस्परमुळे. पाचव्या प्रकरणात पेंडॉरचा ड्रॅगन येव्हॉड त्याला थेट सौदा देतो: सावलीचं नाव सांगतो. गेडला स्वतःच्या सुटकेसाठी तेच हवं असतं. तरी तो ते नाकारतो आणि ड्रॅगनने पुन्हा माणसांच्या बेटांकडे यायचं नाही, ही शपथ घ्यायला लावतो. इथे दुसरा रकाना पहिल्यांदा कोरा राहतो.

या प्रकारच्या पुष्कळ कादंबऱ्या नेमक्या इथे फसतात. भविष्यवाणी असते, अंगावर खूण असते, आणि ‘शोध’ म्हणजे आपण कुणाचं मूल आहोत ही बातमी. त्यातून जन्मदाखला कळतो, स्वभाव कळत नाही. ले ग्विन पहिल्याच पानावर सांगून टाकतात की हा पुढे ड्रॅगनस्वामी आणि महाजादूगार होणार. तो जगेल का, मोठा होईल का, हे प्रश्न तिथेच मिटतात. तो कसा माणूस आहे, एवढाच प्रश्न उरतो.

चांदणवेल
कागद चांगला आहे, पण तुम्ही त्यात एक नोंद गाळलीत. चौथ्या प्रकरणातच नवा महाजादूगार गेन्शर गेडला सांगतो की ही तुझ्याच उद्दामपणाची, अज्ञानाची सावली आहे, तूच टाकलेली. उत्तर तिथेच फुटलं! सातव्या प्रकरणात ओगियन सांगतो की पळू नकोस, मागे वळ, शिकाऱ्याचीच शिकार कर. म्हणजे निदान एका गुरूचं, उपचार दुसऱ्या गुरूचा. गेडने केलं काय, तर पथ्य पाळलं. दुसऱ्या कुठल्या पुस्तकात असं असतं तर ‘गुरूने उत्तर हातात दिलं’ म्हणून आपण गुण कापले असते.

शेवटाबद्दलही बोला. सगळी वाट ज्या भेटीकडे जाते ती भेट जेमतेम पान-दीड पानात उरकते. मग गेड स्वतःच म्हणतो की आता मी अखंड झालो, मोकळा झालो. वर निवेदक येऊन समजावतो की तो जिंकलाही नाही, हरलाही नाही. प्रसंग बोलत असताना त्याचा अर्थ दोनदा सांगणं हा दोष आहे. लेखिका कितीही मोठी असली तरी तो दोषच राहतो.

गलबत
निवेदकाच्या वाक्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. गुरूंबद्दल अजिबात नाही. गेन्शर ‘तुझी सावली’ म्हणतो खरा, पण त्याच दमात विचारतो की सावलीला कधी नाव असतं का? तो नाव नाकारतो. या जगात खरं नाव कळल्याशिवाय कशावरच ताबा मिळत नाही, म्हणजे गेन्शरचं निदान कितीही अचूक असलं तरी त्याने हाती काहीच लागत नाही. पुढचे धागे बघा. येव्हॉड नाव सांगायला तयार आहे, म्हणजे नाव आहे. ऑस्किल बेटावरच्या वाटेत सावली स्कियॉर्ह या वल्हेकऱ्याच्या देहात शिरलेली असते आणि त्याच्या तोंडून गेडला खऱ्या नावाने हाक मारते, म्हणजे ते तिला ठाऊक आहे. तिथल्या किल्ल्यातली सेरेट म्हणते की टेरेनॉन हा जादुई शिळाखंड नाव सांगेल. ओगियन म्हणतो, सगळ्याला नाव असतं. हे चार तुकडे जोडून ‘तिचं नाव माझंच’ इथवर कुणीही गेडला नेत नाही. ओगियन दिशा देतो, नाव देत नाही. शेवटच्या प्रकरणात गेडचा रोकवरचा मित्र व्हेच बोटीत शेजारी बसलेला असतो, त्यालाही ते आधी कळलेलं नसतं.

ओसरी
चर्चा कारागिरीवर चाललीय, पण माझा आक्षेप मुळावरच आहे. हा शोध कुणासाठी खुला आहे? रोकच्या विद्यालयात मुलींना प्रवेश नाही. गाँटवरची म्हणच आहे की बाईच्या जादूइतकं दुबळं काही नाही आणि बाईच्या जादूइतकं दुष्टही काही नाही. निवेदक ती सांगून पुढे जातो, तिला कुणी हटकत नाही. स्त्रिया मोजा: अर्धवट विद्येची मावशी, भुरळ घालणारी सेरेट, भूत म्हणून येणारी एल्फारान, निर्जन वाळूच्या बेटावरची ती म्हातारी, आणि इफिश बेटावर चुलीपाशी गव्हाच्या पोळ्या भाजणारी यॅरो. एकीलाही स्वतःची सावली नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने हे वाचलं तर तिच्या हाती काय लागेल?

गलबत
ले ग्विन यांनी हे स्वतःच पुढे दुरुस्त केलं. १९७१ च्या ‘द टूम्स ऑफ अटुआन’मध्ये तेनार नायिका आहे, आणि १९९० च्या ‘टेहानू’त रोकची सगळी व्यवस्थाच त्यांनी तपासायला घेतली.

ओसरी
बावीस वर्षांनी! मूल्यमापन हातातल्या पुस्तकाचं करायचं. नंतरच्या भागांनी पहिल्याला गुण मिळत नाहीत. फार तर एवढं म्हणेन की यॅरोचे प्रश्न पुस्तकातले सगळ्यात सरळ प्रश्न आहेत. ती विचारते, जादूनेच जेवण का करत नाही? गेडला मग सांगावं लागतं की भासाच्या अन्नाने पोट फसतं, अंगात बळ येत नाही. रोकवर कुणी त्याला इतकं साधं विचारल्याचं दिसत नाही. त्या प्रकरणात लेखिकेला काहीतरी जाणवलं होतं, पण तिने ते तिथेच सोडून दिलं, याची हळहळ वाटते.

कातळ
गलबत, तुमचा तिसरा रकाना नीट भरा. महाजादूगार नेमर्ल फट बुजवताना प्राणांना मुकतो. गेडचा मित्र पेचवॅरी याचं तापाने फणफणलेलं मूल जातंच, त्याच्या मागे मृतांच्या प्रदेशात जाऊन गेड हात हलवत परततो. ज्या ओटाकने चाटून-चाटून गेडला तिथून जिवंतपणात परत आणलं, ते इवलं जनावर ऑस्किलच्या बर्फात मरून पडतं. नेमर्लचं ओझं गेड वाहतो, ते चौथ्या-पाचव्या प्रकरणांतल्या त्याच्या घाबरेपणात आणि नम्रपणात दिसतं. ओटाकच्या वाट्याला मात्र काही ओळी येतात आणि कथा पुढे धावते. इतरांच्या जिवावर नायक शहाणा होणार असेल, तर त्या जिवांना पुस्तकात जागा मिळायला हवी.

सातवं प्रकरण तर कोंबलेलं आहे. किल्ला, सेरेटचा पती बेंडेरेस्क, शिळाखंडाचं आमिष, सेरेट म्हणजे लहानपणी हिणवणारी तीच मुलगी हा उलगडा, पक्षी होऊन पलायन, सेरेटचा मृत्यू, ससाण्याच्या रूपात अडकून ओगियनकडे परत, आणि लगेच ‘मागे वळ’. पुस्तकाचा कणा जिथे वळतो ते ठिकाण एवढ्या गर्दीत आहे की पहिल्या वाचनात ते निसटतं. वळणापूर्वी थोडी शांतता हवी होती.

मुळाक्षर
मी हे वाचायला देण्याच्या बाजूने आहे, पण कसं द्यावं यावर बरंच अवलंबून आहे. पुस्तक छोटं आहे, दोनशेच्या आसपास पानं, त्यामुळे ‘दोन दिवसांत संपेल’ असं वाटतं. नाही संपत. निवेदन आख्यानासारखं आहे: संवाद कमी, लांब वाक्यं, मनातले विचार फारसे उघड नाहीत. प्रथमपुरुषी वर्तमानकाळात लिहिलेल्या कादंबऱ्यांची सवय असलेलं मूल तिसऱ्या प्रकरणात कंटाळतं, कारण नऊ गुरूंची ओळख आणि नावं पाठ करण्याचे दिवस तिथे येतात.

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला पहिली दोन प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवा. ही भाषा कानाला आधी कळते, डोळ्यांना नंतर. नकाशा उघडा ठेवा आणि गाँट, रोक, लो टॉर्निंग, पेंडॉर, ऑस्किल, पुन्हा गाँट, इफिश असा प्रवास पेन्सिलीने जोडत जा. सातव्या प्रकरणात रेघ जिथून निघाली तिथेच परत येते. कातळ म्हणतात ते वळण गर्दीत निसटतं हे खरं, पण नकाशावर ते डोळ्यांसमोर असतं.

आणखी एक, ज्यावर इथे कुणी बोललं नाही. गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, व्हेच त्याहून काळा, आणि गोरे आहेत ते धाड घालणारे कार्ग. ले ग्विन हे एकदम जाहीर करत नाहीत. वाचक गेडच्या डोक्यात शिरून बसल्यावर हळूच सांगतात. तरी कितीतरी मुखपृष्ठांवर तो गोरा झाला, आणि २००४ च्या टीव्ही मालिकेतही, ज्यावर ले ग्विन यांनी जाहीरपणे नाराजी लिहिली. आपल्याकडच्या मुलांना प्रत देताना चित्र बघून द्या. नायक आपल्यासारखा दिसतो हे कळायला त्यांना अर्धं पुस्तक वाचावं लागू नये.

चांदणवेल
नकाशाची युक्ती आवडली. माझा आक्षेप थोडा बदलते, मागे घेत नाही. नावाचे चार तुकडे गेड स्वतः जोडतो, हे गलबत यांनी पटवून दिलं. पण जोडताना तो आपल्याला दिसत नाही. शेवटच्या प्रकरणात सावली आधी त्याच्या बापाचं रूप घेते, मग जॅस्परचं, पेचवॅरीचं, स्कियॉर्हचं. ही मालिका विलक्षण आहे, कारण ज्यांच्यापुढे तो कमी पडला किंवा चिडला त्यांची ती यादी आहे. ती यादी पाहताना गेडच्या मनात काय उमटतं, ते एका ओळीतही नाही. एक ओळ असती तर नंतर निवेदकाला अर्थ समजावत बसावं लागलं नसतं.

ओसरी
तुमच्या चार रकान्यांत एक महत्त्वाचा प्रसंग बसतच नाही, गलबत. चौथं प्रकरण. गेड चेहऱ्यावर व्रण घेऊन, सगळ्यांना टाळत वावरतोय, आणि व्हेच निरोप घेताना न मागता स्वतःचं खरं नाव, एस्टॅरिऑल, त्याला सांगतो. त्या जगात हे म्हणजे आपला जीव दुसऱ्याच्या हाती देणं. गेड काहीच ठरवत नाही. त्याच्यावर कुणीतरी विश्वास टाकतं, तोही तो सर्वांत कमी लायक असताना. माझ्या मते त्याचं स्वतःला स्वीकारणं तिथून सुरू होतं, पेंडॉरवरून नाही.

गलबत
बसतो की. व्हेचने नाव दिल्यावर गेड लगेच आपलं नाव त्याला देतो, आणि ते त्याच्याकडे कुणी मागितलेलं नसतं. पहिल्या रकान्यात ‘नाव सांगितलं’, दुसरा कोरा, तिसऱ्यात ‘व्हेचला हवं तर तो आपल्यावर ताबा मिळवू शकतो’. म्हणजे दुसरा रकाना पेंडॉरवर पहिल्यांदा कोरा राहतो हे माझं विधान चुकलं. तो एक प्रकरण आधीच कोरा राहतो. आणि शेवटी बोटीतून कोण सोबत जातं, हे बघितलं तर तुमचा मुद्दा आणखी भक्कम होतो.