जुन्या डेस्कटॉपला लॅन केबल जोडली, पण १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता येतो

प्रश्न:
माझ्याकडे विंडोज ७ असलेला जुना डेस्कटॉप असून त्यात वडिलांच्या हिशेबाच्या अनेक वर्षांच्या फायली आहेत. त्याला वायफाय नाही, म्हणून राउटरपासून केबल ओढून ती मागच्या लॅन पोर्टमध्ये लावली. पोर्टजवळचा हिरवा दिवा लागतो, पण मधूनच विझतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ दिल्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. फोन मात्र त्याच राउटरवर व्यवस्थित चालतो. नवे नेटवर्क कार्ड घ्यावे लागेल का?

उत्तर १:
कार्ड घेण्याची घाई करू नका. हा पत्ता राउटरने दिलेला नाही. डीएचसीपीकडे, म्हणजे राउटरमधील पत्ते वाटून देणाऱ्या सेवेकडे, मागणी करूनही उत्तर आले नाही, तेव्हा विंडोजने तो स्वतःच ठरवून घेतला आहे. याचा अर्थ कार्ड ओळखले गेले आहे आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअरही बसलेले आहे, कारण ड्रायव्हर नसता तर आयपीकॉन्फिगच्या यादीत ते कार्ड दिसलेच नसते. दिवा मधूनच विझतो हे तुम्ही नोंदवले ते फार बरे झाले, कारण त्यावरून माझा संशय केबलवर जातो. १०० मेगाबिटच्या जोडणीत आठपैकी १, २, ३ आणि ६ या क्रमांकांच्या चारच तारा कामाला येतात, परंतु त्यांतली एक जरी कनेक्टरमध्ये नीट टेकत नसेल तरी जोडणी तुटत राहते. चालू असल्याची खात्री असलेली दुसरी केबल लावून पाहा आणि राउटरवरचे पोर्टही बदला.

उत्तर २:
केबल बदलूनही फरक पडला नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा आणि ‘ॲडव्हान्स्ड’मधील ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ ऑटोवर आहे ना, हे तपासा. जुन्या यंत्रांवर पूर्वी कोणीतरी फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणे आणि घेणे) पक्के करून ठेवलेले असू शकते. अशा वेळी ऑटोवर असलेला राउटर हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरतो आणि जोडणी दिसत असूनही ती अत्यंत रखडत चालते.

प्रश्नकर्ता:
केबल बदलताच १९२.१६८.१.७ हा पत्ता मिळाला. मनापासून आभार. आता मात्र बहुतेक संकेतस्थळे ‘प्रमाणपत्र वैध नाही’ असे सांगतात. संगणकाची तारीख २००९ सालची दिसते आणि दुरुस्त केली तरी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तीच परत येते.

उत्तर १:
मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला आहे. बहुतेक संगणकांत तो सीआर२०३२ या क्रमांकाचा, ३ व्होल्टचा असतो. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रत्येक प्रमाणपत्राला आरंभाची आणि समाप्तीची तारीख असते, त्यामुळे २००९ मध्ये अडकलेल्या संगणकाला आजचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही असे वाटते. विजेची वायर काढून सेल बदला, मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तारीख आणि वेळ भरा. तरीही काही संकेतस्थळे उघडली नाहीत, तर ब्राउझर किंवा विंडोजमधील मूळ प्रमाणपत्रांची (ज्यांच्या आधारे संकेतस्थळांची प्रमाणपत्रे पडताळली जातात त्यांची) यादी जुनी झालेली असू शकते.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. विंडोज ७ ची सर्वसाधारण सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. वडिलांच्या फायलींची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती दुसऱ्या संगणकावर उघडते का ते पाहा, आणि तोवर लॅन केबल काढून ठेवा.