‘कायमचे हक्क दिले’ म्हणजे विकले का?

विचारणा

आमच्या गावच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक स्कॅन करायचं काम चालू आहे. ज्या लेखकांचा किंवा वारसांचा पत्ता लागतो, त्यांना आम्ही संमतिपत्र पाठवतो. त्यातलं मुख्य वाक्य असं: ‘माझ्या कथेच्या वापराचे कायमस्वरूपी व अपरिवर्तनीय हक्क मी वाचनालयास प्रदान करीत आहे.’ ऐंशी ओलांडलेल्या एका कथालेखिकेनं परवा ते सही न करता परत दिलं. म्हणाल्या, “कथा लोकांना वाचायला ठेवा, हवी तितकी वर्षं ठेवा. पण तुम्ही तर मला उदक सोडायला सांगताय.” मालकी तुमचीच राहील, असं तोंडी सांगून पाहिलं. घरी येऊन वाक्य पुन्हा वाचलं, तर मलाच पटेना. मालकी न सोडता कायम वापरू देणं, याला मराठीत नेमकं काय म्हणावं?

प्रतिसाद १

बाईंनी अगदी बरोबर वाचलंय. दस्त लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून सांगतो. आपल्याकडे ‘कायम’ हा शब्द विक्रीच्या शेजारी बसलेला आहे. ‘कायम खुश खरेदीखत’ हे शीर्षक कितीतरी घरांच्या कपाटात सापडेल. त्याच्या जोडीला ‘हक्क’ आणि ‘प्रदान’ आले की वाचणाऱ्याला दान किंवा विक्रीच दिसणार. दिलं ते दिलं.

मालकी एकाची आणि कायमचा उपभोग दुसऱ्याचा, ही कल्पना मराठीला नवी नाही. १९४८ च्या कूळकायद्यात ‘कायम कूळ’ होतंच. पण तो शब्द इथे आणू नका. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कायद्याच्या अटींत बसणारी कुळं जमिनीची खरेदीदार मानली गेली. ज्या घरांनी तेव्हा जमीन गमावली, त्यांच्या कानाला ‘कायम कूळ’ म्हणजे उद्याचा मालकच.

त्यापेक्षा जवळचा दाखला भाड्याच्या घराचा. पुण्या-मुंबईत ‘लिव्ह अँड लायसन्स’ सगळ्यांना कळतं. राहायची मुभा, घरावर हक्क नाही. त्यातलं लायसन्स म्हणजेच परवाना. इथेही तेच आहे, फक्त अकरा महिन्यांची मुदत नाही. म्हणून वाक्यातून ‘हक्क’ काढा आणि ‘परवानगी’ लिहा. परवाना आणि परवानगी एकाच फारसी घरातले, पण परवान्याला कचेरीचा वास येतो. वयस्कर लेखिकेला पाठवायच्या पत्रात परवानगीच बरी.

प्रतिसाद २

‘अपरिवर्तनीय’ मात्र साफ चूक आहे. त्याचा अर्थ न बदलणारं. लेखिकेला वाटेल, माझ्या कथेत बदल करणार नाहीत असं वचन देताहेत. तुम्हाला म्हणायचंय की एकदा दिलेली परवानगी परत घेता येणार नाही. कायद्याच्या मराठीत यासाठी ‘अप्रतिसंहरणीय’ असा जडजंबाल शब्द वापरतात. ‘मागे न घेता येणारी’ म्हटलं तर कोणालाही कळतं.

‘कायमची’ आणि ‘मागे न घेता येणारी’ हे दोन वेगळे मुद्दे आहेत, दोन्ही लिहावे लागतात. पहिला मुदतीचा, दुसरा मन बदलण्याचा. मुदत तर लिहायलाच हवी. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात परवान्याची मुदत लिहिलेली नसेल तर तो पाच वर्षांचा धरला जातो (कलम १९ आणि ३० अ एकत्र वाचा). म्हणजे संकोचापोटी ‘कायम’ गाळलंत, तर सहाव्या वर्षी पुन्हा सगळ्यांची दारं ठोठवावी लागतील.

आणि हे ‘कायम’ म्हणजे यावच्चंद्रदिवाकरौ नव्हे. लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष धरून पुढे साठ वर्षं कॉपीराइट राहतो, मग परवानगीचा प्रश्नच उरत नाही. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ च्या आरंभापासून सर्वांना खुलं आहे. म्हणून ‘कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत’ असंच लिहा. ते खरंही आहे आणि भीतीही घालत नाही.

विचारणा करणारी

दोघांचेही मनापासून आभार. आज पुन्हा बाईंकडे जाऊन आले. त्यांची खरी काळजी आता कळली: एक प्रकाशक त्यांचा कथासंग्रह काढतोय. वाचनालयाला सही दिली तर ही कथा त्यात घेता येणार नाही, असं त्यांना वाटत होतं. दुसरं, कथेखाली त्यांचं नाव राहिलं पाहिजे.

प्रतिसाद १

नावाचा अधिकार कलम ५७ नं लेखकाकडेच ठेवलाय, सगळे हक्क विकले तरी तो राहतो. तरीही पत्रात लिहा, बाईंना दिसू द्या. संग्रहासाठी ‘अनन्य नसलेली’ (म्हणजे इंग्रजीतलं ‘नॉन-एक्सक्लुझिव्ह’) असं काही लिहू नका, तो शब्द देवळातल्या अनन्य भक्तीचा. सरळ सांगा की हीच परवानगी त्या इतर कोणालाही देऊ शकतात.

विचारणा करणारी

मग असं चालेल का? ‘या कथेची मालकी माझीच आहे व राहील. ती स्कॅन करून वाचकांना विनामूल्य वाचायला देण्याची परवानगी मी वाचनालयाला कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत देत आहे. ही परवानगी मी मागे घेणार नाही. कथेसोबत माझे नाव राहील. ही कथा इतरत्र छापण्यास किंवा इतरांना छापू देण्यास मी मोकळी आहे.’

प्रतिसाद २

छान. फक्त ‘मागे घेणार नाही’ या पुढे ‘माझे वारसही मागे घेणार नाहीत’ जोडा, आणि सहीखाली तारीख घ्या.