पोरगं म्हणते ॲडमिरल व्हायचं हाय, किती वर्षं लागतात?

वणीचा कास्तकार:
पोरगा बारावीले हाय. एनडीएच्या फॉर्मात नेव्ही पहिली टाकून बसला. आमच्या घरात समुद्र कोणी पाह्यला नाई, पोहणं म्हणाल त वर्धेच्या डोहात. त्याचा मामा म्हणते, आर्मी बरी, गावातल्या लोकायले समजते तरी. ॲडमिरल कितव्या वर्षी होते? अन् खर्च किती धरू?

पुलगावकर (रिटायर नौसैनिक):
भाऊ, खडकवासल्याले एनडीएत शिकणं, राहणं, खाणं सरकारी. हातखर्च तेवढा धरा. तीन वर्षं तिथं, मंग केरळात एझिमलाच्या नौदल अकादमीत. सबलेफ्टनंट, म्हंजे पहिला अधिकारी हुद्दा, झाला की तिथून नोकरी मोजतात. कमांडरपर्यंत वर्षांवर भेटते, साधारण 13 वर्षं. खरी चाळणी पुढं. कॅप्टन, कमोडोर, रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल, हे सारं निवड मंडळाच्या हातात. रिअर ॲडमिरल व्हायलेच तीसेक वर्षं जातात. पूर्ण ॲडमिरल म्हंजे नौदल प्रमुख, सहसा एकच.

अन् ते लय दूरचं हाय. आधी वॉचकीपिंगचं तिकीट, म्हंजे पाळीत जहाज सांभाळायचा परवाना, काढा लागते. रात्री ब्रिजवर, म्हंजे जहाज चालवतात त्या खोलीत, अंधार ठेवतात. चार तास उभं राहून समोरचा दिवा मच्छीमाराचा का मोठ्या जहाजाचा, हे ओळखा लागते. जहाजाच्या कॅप्टनची खुर्ची रिकामी असली तरी कोणी टेकत नाई. शंका आली त कॅप्टनले उठवायचं. उठवलं म्हणून चांगला कॅप्टन चिडत नाई, नाई उठवलं त सोलून काढते.

दारव्ह्याचा मास्तर:
नेव्हीसाठी बारावीले भौतिक, रसायन, गणित लागतेच. रंग ओळखता येतात का, तेही आधी तपासा, ऐन मेडिकलमधी पोरं बाहेर होतात. समुद्राचं म्हणाल त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी पाहा. 1971 च्या युद्धात आयएनएस कमोर्टा या युद्धनौकेचे कप्तान, वीरचक्र भेटलं. 1983 मधी पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख म्हणून रिटायर झाले अन् राह्यले कुठं, त फलटणजवळ विंचुर्णीले. दुष्काळी मुलूख तो!

वणीचा कास्तकार:
डोळे तपासून घेतो. पण दिवाळीच्या आधी सोयाबीन काढायले सुट्टी भेटते का?

पुलगावकर:
ऑफिसरले वर्षाची 60 दिवस सुट्टी असते, पण कधी भेटन ते जहाजाच्या प्रोग्रामावर. मजूर सांगूनच ठेवजा.